सोनेरीच्या जागी विटकरी

पेल्याच्या मधोमध रंग विटकरी होता. काठाशी, जिथे पेय पातळ होत जातं तिथे, तो शेंदरीकडे झुकला होता आणि बुडाशी चांगला काळसर तांबूस. वर बोटभर फेस, तोही पांढरा नव्हता, बदामी होता. ही बिअर खरं तर सोनेरी व्हायची होती.

केली होती माझ्या पुतण्याने, टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओत, घराच्या गॅरेजमध्ये. आम्ही नातेपुत्याचे. त्यामुळे त्याने बार्लीच्या जोडीला ज्वारी घातली, ज्वारीच्या जोडीला थोडा गूळ घातला, आणि मनात धरला तो आपल्या मालदांडीचा रंग. टपोरा मोतिया दाणा, त्यावर किंचित पिवळी झाक. त्यातून उतरणारं पेय फार तर वाळल्या कडब्याच्या रंगाचं असेल, असा त्याचा हिशेब. घरी बिअर करणारे लोक संगणकावर धान्याची वजनं भरतात आणि होणाऱ्या रंगाचा आकडा आधीच काढून ठेवतात. त्याचा आकडा आला होता पाच. पेल्यातलं प्रकरण रंगाच्या तक्त्यावर बाराच्या आसपास बसत होतं.

"काका, चव बरी आलीय, पण रंग फसला," तो म्हणाला.

मला ते एकदम मान्य करवेना. रंग विटकरी आला एवढं दिसत होतं. पण विटकरी म्हणजे कुठला विटकरी? धान्यातून आलेला लाल, चुलीवर आलेला तपकिरी, पाण्याने काळवंडलेला आणि हवेने मळकटलेला, असे चार निरनिराळे रंग एका पेल्यात एकमेकांवर चढलेले असू शकतात. त्यांना एकच नाव देऊन मोकळं होणं म्हणजे चार गवयांचा आवाज ऐकून 'गोंगाट' म्हणण्यासारखं आहे.

बिअरचा रंग पाहायची एक रीत आहे. ट्यूबलाइटखाली पाहायचा नाही. दिवसाउजेडी, मागे पांढरा कागद धरून, पेला तिरका करायचा. तिरका केला की काठाशी पेयाचा पातळ पापुद्रा उरतो आणि रंगाचा मूळ स्वभाव तिथे कळतो. मधल्या जाड भागात सगळंच तपकिरी वाटतं. गिनेसची काळी स्टाउटसुद्धा खिडकीसमोर धरली तर कडेला माणकासारखी लाल निघते. उलट ज्या मोठ्या काचेच्या बरणीत बिअर आंबत असते तिच्यात ती भलतीच गडद दिसते, कारण उजेडाला वीतभर पेय ओलांडून यावं लागतं. नवशिक्यांची निम्मी घाबरगुंडी या बरणीपाशीच उडते. तीच बिअर पेल्यात ओतली की दोन पायऱ्या उजळते. पुतण्याची मात्र पेल्यात ओतल्यावरही उजळली नव्हती, म्हणून पुढचा विचार करणं भाग होतं.

आकड्याचंही जरा सांगतो, कारण माझं त्याच्याशी फारसं जमत नाही. अमेरिकेत या मोजणीला एसआरएम म्हणतात, युरोपात ईबीसी, आणि युरोपातला आकडा अमेरिकेतल्याच्या साधारण दुप्पट असतो. दोन्हींची युक्ती एकच आहे. ४३० नॅनोमीटरचा उजेड, म्हणजे निळ्या-जांभळ्या टोकाचा, बिअरमधून सोडायचा आणि त्यातला किती अडला ते पाहायचं. यातून पेय किती गडद आहे ते कळतं. ते लाल आहे की पिवळं की राखी, हे कळत नाही. बारा आकड्याच्या दोन बिअर शेजारी ठेवल्या तर एक तांब्यासारखी झळझळीत आणि दुसरी गढूळलेल्या नाल्याची असू शकते, आणि यंत्राला दोघी जुळ्या वाटतील. त्यापेक्षा जुना माणूस शहाणा होता. जोसेफ लोव्हिबाँड हा इंग्लंडातला बिअर गाळणारा. त्याने १८८५ मध्ये सॉल्सबरीत रंग मोजायच्या उपकरणाचा कारखाना काढला. लाल, पिवळ्या आणि निळ्या काचांच्या पट्ट्या एकावर एक ठेवून पेयाशी रंग जुळवायचा, अशी त्याची पद्धत. तिथल्या कॅथीड्रलच्या रंगीत काचा पाहून त्याला ही कल्पना सुचली असं सांगतात. त्यात डोळा वापरावा लागे आणि लाल किती, पिवळा किती याचा वेगळा जाब द्यावा लागे. माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या, पोत्यावर आजही त्याच्याच नावाचे अंश छापलेले असतात.

हे सगळं मी टेक्सासात बसून पाहिलं, कारण नातेपुत्यात पाहता आलं नसतं. १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये महाराष्ट्रात परवान्यावाचून घरी बिअर करता येत नाही. अमेरिकेत १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरी पिण्यापुरती बिअर करायला करमाफी मिळाली. दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटरच्या वर. एवढी कोण पितं हा वेगळा प्रश्न. आपल्याकडे हौशी माणसाला ताजी, न गाळलेली बिअर पाहायची तर पुण्याला जाऊन मायक्रोब्रुअरीत बसावं लागतं. आमच्या घरात त्याहून मोठी अडचण आहे. थोरल्या भावाच्या, म्हणजे याच्या वडिलांच्या, गळ्यात माळ आहे. माउलींची पालखी नातेपुत्याला मुक्कामी येते तेव्हा आमच्या ओसरीवर दिंडीची पंगत बसते. मुलगा गॅरेजमध्ये 'ज्वारीचं काहीतरी करतो' एवढंच त्यांच्यापर्यंत पोचलेलं आहे, आणि हा मजकूर त्यांच्या हाती पडला नाही तर बरं.

तर आधी दाणा.

त्याने वापरलेली ज्वारी आपली नव्हती. टेक्सास आणि कॅन्सस हे तिकडचे ज्वारीचे मोठे मुलूख. तिथे ज्वारीला मिलो म्हणतात आणि बरीचशी गुरांच्या पोटात जाते. तिचा दाणा लालसर-तांबूस. पुतण्याने ती भिजवली, मोड आणले, वाळवली, मोड चोळून टाकले आणि भरडली. आतलं पीठ पांढरंच निघालं, म्हणून त्याने साल मोजली नाही. खरी गोष्ट सालीत होती.

ज्वारीच्या अंगात रंग फार असतो. नुसता दाण्यात नाही, झाडभर. आपल्या रानात ज्वारीच्या पानावर कीड बसली किंवा बुरशी चढली की तिथे जांभळट-लाल डाग पडतो. तो डाग कीड सोडून जात नाही, तो ज्वारीने स्वतःच घातलेला असतो. जखमेच्या जागी ती ल्युटिओलिनिडिन, अपिजेनिनिडिन अशी रंगद्रव्यं तयार करते आणि ती बुरशीला अटकाव करतात. झाडाचा हा बंदोबस्त पाहायला सुंदर आहे, फक्त शेतकऱ्याला तो सुंदर वाटण्याचं कारण नाही. खरिपाची ज्वारी कणसात असताना पाऊस लागला की दाणा काळा पडतो, भाव निम्म्यावर येतो, आणि भाकरी राखी होते. रब्बीची मालदांडी पांढरी राहते ती बरीचशी याच कारणाने. ती पावसाळा सरल्यावर काळ्या रानाच्या ओलीवर वाढते आणि कोरड्या हवेत पिकते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या मानांकनात माती आहे, बियाणं आहे, आणि माझ्या मते दाणा भरताना न पडलेला पाऊसही आहे.

ज्वारीला मोड आणतानासुद्धा हा रंग उफाळतो. उजेडात ठेवलेल्या मोडांच्या बुडाशी गुलाबी-जांभळी रेघ उठते. हे मोड काढून टाकावे लागतात ते मात्र रंगासाठी नाही. कोवळ्या ज्वारीत ध्युरिन नावाचं द्रव्य असतं, त्यातून हायड्रोजन सायनाइड सुटतं. पोटरीत न आलेली ज्वारी किंवा कापणीनंतरचे फुटवे खाऊन जनावराला किराळ लागते, हे आपल्याकडे गुराख्यालाही ठाऊक असतं. पुतण्याला ते त्याच्या बिअरच्या पुस्तकात वाचावं लागलं. आजोबांनी त्याला चार वेळा सांगितलं होतं, पण तेव्हा विषय बैलाचा होता.

लाल ज्वारीची बिअर ही अर्ध्या आफ्रिकेची रोजची गोष्ट आहे. बुर्किना फासोत लाल ज्वारीपासून दोलो करतात, ती तांबूस असते. दक्षिण आफ्रिकेची उम्कोम्बोथी गुलाबीसर तपकिरी आणि दाट, पिठाच्या कणांनी भरलेली. तिथे कोणी तिला सोनेरी होण्याची सक्ती करत नाही. नायजेरियात मात्र ही सक्ती झाली. १९८८ मध्ये त्या देशाने बार्लीच्या माल्टची आयात बंद केली, आणि मोठाल्या कारखान्यांना ज्वारी-मक्यातून तीच नेहमीची फिकी लागर काढून दाखवावी लागली. त्यांनी काढली. त्यासाठी पांढरा दाणा, बाहेरून आणलेली एन्झाइम आणि बारीक गाळणी लागली. गॅरेजमध्ये यातलं काही नव्हतं.

इथे एक गैरसमज काढून टाकतो. लाल ज्वारी म्हणजे तुरट ज्वारी असं नाही. तुरटपणा टॅनिनचा, आणि टॅनिन सालीखालच्या एका वेगळ्या थरात असतं. तो थर असलेल्या ज्वारीकडे पाखरं फिरकत नाहीत, त्यामुळे माच्यावर उभं राहून गोफण फिरवायची मेहनत वाचते, पण भाकरी कडू लागते. अमेरिकेतली जवळपास सगळी मिलो टॅनिनमुक्त आहे. म्हणूनच पुतण्याच्या बिअरमध्ये लाली असूनही जिभेवर सुपारी खाल्ल्यागत ओढ नव्हती. पेला तिरका केला तेव्हा काठाला जो शेंदरी दिसला तो या सालीचा. मला तो पेल्यातला सगळ्यात चांगला रंग वाटला. बार्लीच्या माल्टमधून लाल काढायचा तर सहसा भाजका दाणा घालावा लागतो आणि त्याच्याबरोबर करपट चव येते. इथे लाल होता आणि करपट चव नव्हती.

पण फक्त लाल असता तर आकडा बारावर गेला नसता. मधला तपकिरी कुठून आला? पुतण्याचं उत्तर तयार होतं: गूळ. "साखर करपली असणार."

हे उत्तर जगभर सगळेच देतात आणि ते बहुधा चुकीचं असतं. साखर एकटीने करपायला दीडशे अंशांच्या वर जावं लागतं. बिअरचा काढा शंभरच्या जरा वर उकळतो, तिथे साखर करपत नाही. तिथे होते ती दुसरीच गोष्ट. साखर आणि प्रथिनांचे घटक एकत्र तापले की त्यांच्या संयोगातून तपकिरी द्रव्यं बनत जातात. लुई कामिय माय्यार या फ्रेंच माणसाने १९१२ मध्ये ती नोंदवली, म्हणून तिला त्याचं नाव आहे. भाकरीवरचे डाग हिच्यामुळे, भाजलेल्या शेंगदाण्याचा वास हिच्यामुळे. माल्ट भट्टीत वाळवतात तेव्हा किती आच दिली यावर बिअरचा रंग ठरतो तोही हिच्यामुळेच. १८१७ मध्ये डॅनियल व्हीलरने फिरत्या पिंपात माल्ट काळं भाजायचं पेटंट घेतलं, आणि तेव्हापासून चिमूटभर काळ्या माल्टने अख्खी बिअर काळी करता येऊ लागली.

उकळताना ही क्रिया चालूच राहते, फक्त हळू. तास उकळलं तर थोडा रंग, दीड तास उकळलं तर जास्त. जे लोक धान्य न भिजवता डब्यातला माल्टचा पाक वापरतात त्यांची बिअर हटकून गडद निघते, कारण तो पाक दुकानाच्या फळीवर पडल्या पडल्यासुद्धा महिनोन्‌महिने तांबूस होत असतो. अनुभवी लोक तो पाक उकळीच्या शेवटी घालतात. पुतण्याने पाक वापरला नव्हता. पण त्याने उकळी लांबवली होती, आणि ज्वारीचं पीठ पातेल्याच्या बुडाला बसून थोडं लागलंही होतं. ज्वारीच्या दाण्याला बार्लीसारखं टरफल नसतं. त्यामुळे गाळताना चोथ्याची जाळी बसत नाही, पीठ खाली उतरतं आणि विस्तवाशी जाऊन चिकटतं. पिठलं ज्याने केलंय त्याला हे सांगायला नको. नाकाला एक बारीकशी होरपळ येत होती ती याची. त्या बुडाच्या पापुद्र्यात साखर खरोखरच करपलेली असू शकते, एवढी सवलत मी पुतण्याला दिली.

राहिला गूळ. तो मीच नेला होता, त्यामुळे त्याची बाजू घ्यायला मी बांधील आहे. माळशिरस तालुक्यातला ऊस मुख्यतः कारखान्याला जातो. माळीनगर, अकलूज, श्रीपूर, सदाशिवनगर, एका तालुक्यात इतकी धुराडी आहेत. गुऱ्हाळं मोजकी उरलीत, पण जी आहेत तिथे एकदा उभं राहावं आणि गुळव्याचा डोळा पाहावा. काहिलीतला रस उकळतो, रानभेंडीच्या चिकाने मळी वर येते, ती झाऱ्याने काढतात. मग रस आटतो, बुडबुडे बदलतात, आणि एका क्षणी गुळव्या आच ओढायला सांगतो. थर्मामीटर लावला तर ११५ ते १२० अंशांच्या मधला तो क्षण आहे. गुळव्या लावत नाही. तो रंग पाहतो आणि झाऱ्यावरून ओघळणारी धार पाहतो. आदण एका मिनिटाने चुकलं तर ढेप काळी. बाजारात पिवळा गूळ पळतो म्हणून काही जण त्यात हायड्रॉस टाकतात. त्याने रंग उडतो, आणि काही आठवड्यांनी हवा लागली की गूळ पुन्हा काळवंडतो. मी नेलेला गूळ बिनहायड्रॉसचा, म्हणजे मुळातच गडद तपकिरी. पुतण्याने तो शेवटच्या दहा मिनिटांत घातला आणि एकूण गोडव्याच्या दहाव्या हिश्शाइतकाच. त्याने आकडा दीड-दोनने वाढला असेल. सगळं खापर त्याच्यावर फोडणं अन्यायाचं आहे.

गुळव्याची आणखी एक गोष्ट मला त्या गॅरेजमध्ये आठवली आणि तिनेच बाकीचा उलगडा झाला. रसाचा आंबटपणा मारायला गुळव्या चुन्याची निवळी घालतो. बेताने. निवळी जास्त झाली की रस क्षणात लालबुंद होतो आणि गूळ काळा उतरतो. खारवट, चोपण जमिनीतल्या उसाचा गूळही तसाच. रंगाने काळा, चवीला खारट, आणि पावसाळ्यात पाझरणारा. गुळव्या म्हणतो, रान वाईट. रसायनशास्त्र म्हणतं, आम्लता कमी झाली की साखरेचं तपकिरी होणं वेगाने होतं. दोघं एकच सांगतात, पण गुळव्याने ते डोळ्याने ओळखलेलं असतं.

सॅन अँटोनिओचं पाणी एडवर्ड्स नावाच्या भूजलसाठ्यातून येतं, आणि तो साठा आहे चुनखडीच्या खडकात. नळाच्या तोटीवर पांढरं पूट चढतं, किटलीत खपल्या बसतात. हे पाहून मला परक्या मुलखात आल्यासारखं वाटलंच नाही. नातेपुत्याच्या बोअरचं पाणीही असंच. कालव्याच्या पाण्याचा चहा आणि बोअरच्या पाण्याचा चहा शेजारी ठेवून पाहा. बोअरचा काळपट, मंद, आणि वर तेलकट पापुद्रा. त्यात लिंबाचे दोन थेंब पिळले की डोळ्यांदेखत पिवळा होतो. चहाची पूड तीच, उकळी तीच, फक्त पाण्यातल्या बायकार्बोनेटला आम्लाने गप्प केलं.

बिअरमध्येही नेमकं हेच चालतं. धान्य गरम पाण्यात भिजवतात त्या मिश्रणाचा सामू ५.२ ते ५.६ च्या दरम्यान हवा. चुन्याचं पाणी तो वर ढकलतं. मग सालीतले रंग आणि तुरट द्रव्यं जास्त सुटतात, ज्वारीचा शेंदरी जांभळटाकडे सरकतो, आणि पातेल्यात तपकिरी होण्याला वेग येतो. धान्य धुवायला वरून ओतलेलं पाणी फार गरम असेल तर आणखी. पुतण्याने नळाचं पाणी जसंच्या तसं वापरलं होतं. त्याच्या संगणकावरच्या हिशेबात धान्य होतं, वजन होतं, आणि पाण्यासाठी फक्त लिटर होते.

जगातल्या बिअरचे रंग पाण्याने किती ठरवलेत याचा विचार केला तर गंमत वाटते. १८४२ मध्ये योसेफ ग्रोल नावाच्या बव्हेरियन माणसाने बोहेमियातल्या पिल्झेन गावी फिकट माल्टची लागर केली आणि ती लखलखीत सोनेरी निघाली. माल्ट फिकट होतंच, पण त्या गावचं पाणी पावसाच्या पाण्याइतकं मऊ आहे. म्युनिक आणि डब्लिनच्या चुनखडी पाण्यात तीच कृती केली असती तर तो सोनेरी आला नसता. म्हणून त्या गावांत गडद बिअर रुजली. भाजक्या माल्टमध्ये स्वतःची आम्लता असते, ती चुन्याला पुरून उरते आणि चव नीट बसते. तिथल्या लोकांनी पाण्याशी भांडण केलं नाही, त्यांनी धान्य बदललं. पुतण्या मात्र डब्लिनचं पाणी घेऊन पिल्झेनचा रंग मागत होता.

आपल्याकडे यावर उपाय नव्हता असं नाही. आंबील आठवा. ज्वारीचं पीठ ताकात कालवून रात्रभर ठेवायचं, सकाळी शिजवायचं. बोअरच्याच पाण्याची आंबील, पण पांढरीशुभ्र. पीठ आधी आंबलेलं असतं, पाण्यातला चुना त्या आंबटपणात विरतो, रंग चढत नाही. आफ्रिकेतल्या ज्वारीच्या बिअरमध्येही धान्य आधी आंबट करून घेण्याची चाल आहे. आमच्या आईने सामूचं नावही ऐकलं नव्हतं आणि तिची आंबील कधी काळी पडली नाही.

आता हवा. हा भाग मला सगळ्यात कमी आवडतो, कारण हवेचा रंग कुरूप असतो. पहिल्या बाटलीतला रंग विटकरी होता, पण तेजस्वी. त्याच खेपेची एक बाटली, जिचं बूच नीट बसलं नव्हतं, ती काही आठवड्यांनी उघडली तेव्हा आतला शेंदरी मेलेला होता. उरलं होतं ते मातकट, राखेची झाक असलेलं तपकिरी, वासाला ओल्या पुठ्ठ्यासारखं. बिअरमधली पॉलिफेनॉलं ऑक्सिजनशी मिळाली की असं होतं. हल्लीच्या धुरकट, ओट्स घातलेल्या आयपीए बिअरमध्ये तर ते दिवसांत दिसतं: आज आंब्याच्या रसाची, पुढच्या आठवड्यात राखी-जांभळी. ओतताना नळी वर धरली, बाटलीत मोकळी जागा जास्त राहिली, एवढ्याने भागतं. आकडा इथेही जेमतेम एकाने बदलला असेल. डोळ्याला मात्र दोन बाटल्यांतला फरक लगेच कळत होता. यंत्राबद्दलची माझी तक्रार हीच आहे.

यीस्टचं काम उलट दिशेचं. आंबताना आम्लता वाढते आणि काही रंग यीस्टच्या पेशी आपल्या अंगावर ओढून घेतात, त्यामुळे बिअर काढ्यापेक्षा थोडी उजळते. ज्वारीच्या पिठाचे तरंगते कण मध्ये उजेड विखुरतात आणि लालावर पांढऱ्याचा एक हात फिरतो. म्हणूनच रंग माणकासारखा पारदर्शक न येता विटेसारखा, अपारदर्शक आला. पुढच्या खेपेला गाळून घेतली तर तीच बिअर तांब्यासारखी दिसेल, आकडा हवं तर तोच ठेवून.

मग मी ती प्यायलो, कारण रसग्रहण डोळ्यावर थांबवणं हे पाप आहे. आधी ज्वारीचा कोरडा, भाकरीच्या पिठासारखा वास. मग गुळाचा, पण गोड नाही. गोडवा यीस्टने खाल्लेला, मागे उरला तो काकवीतला खनिज खारेपणा. हॉप्सचा कडूपणा चुनखडी पाण्याने जरा खरबरीत केला होता, आणि तिथे मात्र बिअर कमी पडत होती. जिभेच्या मागच्या बाजूला एक कोरडी कड राहत होती. रंगातला जो काळा मला नको होता, चवीतही नेमकं तेच नको होतं. आणि जो शेंदरी आवडला होता त्याला चवीत काही दोष नव्हता. डोळा आणि जीभ इतकी एकमताने क्वचित बोलतात.

पुढच्या खेपेला पुतण्याने पाणी बदललं. निम्मं रिव्हर्स ऑस्मोसिसचं, निम्मं नळाचं, आणि ज्वारीचं पीठ आदल्या रात्री दह्याच्या निवळीत भिजवलं. उकळी तासावर आणली, बुडाशी सतत पळी फिरवत राहिला. त्याने मला फोनवर फोटो पाठवला. फोटोतल्या रंगावर मी मत देत नाही, तरी काळा गेला होता एवढं दिसत होतं. सोनेरी अजूनही नव्हती. मिलोचा लाल तसाच होता, उलट आता मोकळा दिसत होता.

त्यावर आमचं जुंपलं आहे. त्याला पांढरी ज्वारी मागवून एकदा तरी तो पाचाचा आकडा गाठायचा आहे. मी म्हणतो, पिल्झेनसारखी सोनेरी तुझ्या गल्लीच्या तोंडावरच्या दुकानात डझनाने मिळते. हा लाल तिथे मिळत नाही. तो म्हणतो, "काका, मग तक्त्यावर काय लिहू? कुठल्या प्रकारात बसवू?" अमेरिकेतल्या घरगुती बिअरच्या स्पर्धांत बहुतेक प्रकारांना रंगाची किमान-कमाल मर्यादा ठरलेली असते, आणि यंदा त्याला बिअर स्पर्धेला द्यायची आहे. मी त्याला सांगितलंय की दोन्ही कर. पांढऱ्याची स्पर्धेला पाठव, मिलोची माझ्यासाठी ठेव, आणि बुचं जरा घट्ट बसव.